कुत्र्याची ‘हद्द’ मोजायची कशी?

राजापूरकडे घराभोवती चिऱ्याचा गडगा आणि गडग्याच्या आत बऱ्याचदा एक कुत्रा असतो. त्याला ठेवलेलं असतं वानर आणि रानडुकरं हाकलायला. तोच कुत्रा पाखाडीने येणाऱ्या पोस्टमनवरही धावतो. मग घरचे म्हणतात, याचं भुंकणं बंद करायला हवं. पण भुंकणंच बंद झालं तर कलमं वानरांची!

संशोधनाची तयारी करताय ना? मग इथे जरा थांबा. ‘हद्द राखणं’ हा आपण लावलेला अर्थ आहे. दिसणारं वर्तन लिहा: माणूस बेड्यापासून (म्हणजे फाटकापासून) दहा पावलांवर आल्यावर कुत्रा किती सेकंद भुंकला?

आता ही सवय टिकते कशी ते बघा. पोस्टमन पत्र देऊन तसाही जाणारच असतो. कुत्र्याच्या लेखी मात्र, मी भुंकलो म्हणून गेला. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे वर्तन बळावतं, त्याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. (शिक्षा वेगळी बरं का, तिने वर्तन कमी होतं. परीक्षेत इथे हमखास गल्लत होते.)

काठी उगारली तर? अमेरिकेत हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १४० कुत्रेमालकांची उत्तरं प्रसिद्ध केली. मारणाऱ्या-लाथाडणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. अर्थात ही मंडळी वर्तनाची तक्रार घेऊनच दवाखान्यात आलेली होती. तेव्हा हा आकडा सरसकट सगळ्या कुत्र्यांना लावू नका.

त्यापेक्षा कुत्र्याला बांधून, माणूस दिसतो पण भुंकणं सुरू होत नाही इतकं अंतर शोधा. माणूस दिसला की आवडीचा खाऊ, दिसेनासा झाला की खाऊ बंद. अंतर हळूहळू कमी करा. वानर दिसल्यावर खाऊ नाही. कुत्रे असा भेद शिकतात. पण पोस्टमनला आधी विचारा. तो प्रयोगाचं साहित्य नाही. कुत्रा आधी कुणाला चावला असेल तर हा प्रयोग घरी करूच नका, पशुवैद्यांना गाठा. आणि चावलाच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा.

भुंकणं कमी झालं, तरी ते शिकवण्यामुळेच कशावरून? कदाचित माणूस सवयीचा झाला असेल. म्हणून आधी पोस्टमन, दूधवाला आणि वायरमन, तिघांच्या नोंदी आठवडाभर नुसत्या घ्या. मग शिकवणं एकाच वेळी नको. आज पोस्टमन, दोन आठवड्यांनी दूधवाला, आणखी दोन आठवड्यांनी वायरमन. प्रत्येकाचा आकडा त्याची पाळी आल्यावरच उतरला, तर तुमच्या दाव्यात दम आहे. तिन्ही एकदम उतरले, तर शिकवण एकाकडून दुसऱ्याकडे पसरली असेल, किंवा कारण भलतंच असेल. चौथा रकाना वानरांचा ठेवा. तो आकडाही उतरू लागला, तर शिकवणं तिथेच थांबवा.