युरियाच्या गोणीमागचं अस्तर

विंचूरच्या कांदा उपबाजारात बोलणं निघतं ते भावाचं आणि पावसाचं. याच कांद्याला घातलेल्या युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीसाठी साधारण साडेचार किलो हायड्रोजन लागतो. खतांच्या इतिहासात अनुदान येतं, टंचाई येते. पण हा धगधगता वायू सांभाळणारं सिरॅमिक अस्तर येत नाही. ही मला मोठी उणीव वाटते.

युरिया अमोनियापासून होतो, आणि 1913 साली जर्मनीत ओपाऊला हायड्रोजनपासून अमोनिया बनवणारा पहिला कारखाना उभा राहिला. तिथे अभियंते कार्ल बॉश झगडले ते पोलादाशी: हायड्रोजन त्यातला कार्बन खाऊन टाकी आणि नळ्या फुटत. बॉशनी आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं. पुढे नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन काढणं सुरू झालं, भट्टीचं तापमान हजार अंशांच्या घरात गेलं आणि पोलादाच्या आत अग्निरोधक अस्तर आलं.

खरा धडा मिळाला तो इथे. हवेत वर्षानुवर्षं टिकणाऱ्या साध्या अग्निविटांत सिलिका भरपूर असते. तापलेला हायड्रोजन तिच्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, सिलिकॉन मोनॉक्साइड वायूरूपात निघून जातो. वाफही थोडी सिलिका उचलते. मग अस्तर पोकळ होतं आणि हीच सिलिका पुढच्या बॉयलरच्या थंड नळ्यांवर बसते. म्हणून अतिशुद्ध अ‍ॅल्युमिना आलं, सिलिका अर्ध्या टक्क्याच्याही खाली. अ‍ॅल्युमिनियमनं धरलेला ऑक्सिजन या तापमानाला हायड्रोजनच्या हाती लागत नाही. तरी एक अडचण उरतेच. हायड्रोजन हवेच्या सुमारे सातपट उष्णता वाहून नेतो. तो अस्तराच्या छिद्रांत भरला की बाहेरचं कवच जास्त तापतं, त्यामुळे जाडीचा हिशेब वेगळा करावा लागतो.

महाराष्ट्रात हा हायड्रोजन वापरणारा तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) खत कारखाना 1965 चा. 1978 साली तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या वेगळ्या कंपनीकडे गेला आणि 1980 च्या दशकात अलिबागजवळ थळला मुंबई हायच्या वायूवर युरिया होऊ लागला.

2023 साली राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं. असा हायड्रोजन मिळवायला विजेनं वाफ फोडण्याच्या एका पद्धतीत 700 ते 850 अंशांवर झिर्कोनियाचा पातळ पडदा वापरतात. तो वाफेतला ऑक्सिजन स्वतःतून पलीकडे नेतो, हायड्रोजन अलीकडे सुटतो. पण सांधे बंद करायला वापरलेल्या काचेतली सिलिका इथेही वाफेबरोबर निघते आणि निकेलच्या इलेक्ट्रोडवर साचून त्याचं काम मंदावतं.