मिनिटभराची रसायनक्रिया

कंपाउंडिंगच्या कारखान्यात ट्विन-स्क्रू एक्सट्रूडरजवळ उभं राहिलं की दिसतं ते एवढंच: हॉपरमध्ये पांढरा दाणा पडतो, डायमधून वितळलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या येतात, पाण्याच्या हौदात थंड होतात आणि कटर त्यांचा पुन्हा दाणा करतो. दोन्ही दाणे मी तळहातावर घेऊन पाहिले. डोळ्यांना फरक कळत नाही, कारण तो रेणूंमध्ये पडलेला असतो.

एलएलडीपीई जातीचं पॉलिएथिलीन वितळल्यावर सैल पडतं. हवेने फुगवून त्याची फिल्म काढताना फुगा डळमळतो. त्याला बळ आणायला टनामागे काहीशे ग्रॅम सेंद्रिय पेरॉक्साइड पुरतं. दाणा वितळतो 120 अंश सेल्सिअसच्या आसपास. अशा पेरॉक्साइडांपैकी डायक्युमिल पेरॉक्साइड 170 ते 175 अंशांवर मिनिटभरात निम्मं फुटतं. ऑपरेटरचं कसब या दोन आकड्यांमध्ये आहे. आधी माल वितळून पेरॉक्साइड सगळीकडे पसरलं पाहिजे, मगच पुढच्या झोनचं तापमान चढवायचं. घाई केली, तर पेरॉक्साइड जिथे साचलं तिथेच गाठ धरते.

फुटलेले तुकडे साखळीवरचा हायड्रोजन ओढतात आणि अशा दोन साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. मागे उरणारे अॅसिटोफिनोनसारखे पदार्थ व्हेंटवरचा व्हॅक्यूम पंप खेचून घेतो.

नमुना मग एमएफआयच्या, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्सच्या, यंत्रावर जातो. 190 अंशांवर, 2.16 किलो वजनाखाली, 10 मिनिटांत किती ग्रॅम वाहिलं ते मोजतात. आकडा उतरला म्हणजे साखळ्या जोडल्या गेल्या. पातळ फिल्म उजेडासमोर धरून गाठी तपासतात, त्या वेगळ्याच.

हेच पेरॉक्साइड पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या मात्र तोडतं. रिसायकलच्या मालात अडचण होते ती इथे. शाम्पूची बाटली एचडीपीईची, म्हणजे पॉलिएथिलीनचीच, टोपण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं. दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे धुण्याच्या हौदात वेगळी होत नाहीत. मिसळलेला माल मशीनमध्ये गेला, की एक भाग घट्ट होतो, दुसरा पातळ, आणि एमएफआयच्या एका आकड्यावरून काहीच उमगत नाही.

म्हणूनच या मालाचा दर्जा एक्सट्रूडरच्या आधी, बाटलीचं टोपण काढणाऱ्या हातांत ठरतो. महागडा स्क्रू घेणाऱ्या कारखानदारांनी त्या हातांच्या मजुरीत हात आखडता घेऊ नये.