वात, आवाज आणि दुसरा भाग

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमची पावले आपोआप तेरखेड्याकडे वळतात. वाशी तालुक्यातले हे गाव फटाक्यांसाठी साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध! माझे बालपण याच गावी गेले. यंदा चिरंजीवांना मुद्दाम बरोबर नेले होते. दुकानात सुतळी बॉम्ब, भुईचक्रे, झाडे यांच्या राशी लागल्या होत्या. पण स्वारीचे लक्ष कशातच नव्हते. शेवटी हळूच म्हणाला, "बाबा, फटाके नकोत. त्या पैशांत भर घालून नवा कन्सोल घेऊ या ना! माझ्या गेमचा दुसरा भाग जुन्यावर येणारच नाहीये."

भर म्हणजे किती? पन्नास हजारांच्या घरात! प्राध्यापकाच्या घरात एवढी रक्कम उच्चारली, की काही काळ शांतता पसरते. तशी ती पसरली. परंतु 'लाड पुरे झाले' म्हणून विषय संपवणे मला बरे वाटेना. मुलाला दुसऱ्या भागाची ओढ आहे, हे मी समजू शकत होतो. पण त्यासाठी यंत्रच नवे का हवे?

चौकशी केल्यावर कळले, की मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. प्लेस्टेशन ४ हा कन्सोल २०१३ साली आला आणि प्लेस्टेशन ५ हा २०२० साली. जुन्या यंत्रात फिरती तबकडी होती. नव्यात अतिवेगवान साठवण आली. पूर्वी नवा प्रदेश यंत्राच्या स्मृतीत भरेपर्यंत खेळाडूला लांबलचक बोळातून चालवीत किंवा लिफ्टमध्ये उभे करून ठेवीत. २०२१ सालच्या 'रॅचेट अँड क्लँक : रिफ्ट अपार्ट' या खेळात मात्र नायक एका जगातून दुसऱ्या जगात क्षणार्धात उडी घेऊ लागला. एकदा हे पाहिलेल्या मुलाला पुन्हा बोळात ताटकळत ठेवले, तर तो कुरकुरणारच! यंत्र बदलले, की मागच्या खेळात जे सहज खपून गेले, तेच पुढच्या भागात दोष ठरते.

निर्मात्यांची अडचण याहून निराळी आहे. जुने प्लेस्टेशन ४ अकरा कोटींहून अधिक खपले होते. एवढे गिऱ्हाईक कोण सोडील? म्हणूनच 'गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक' हा दुसरा भाग २०२२ साली जुन्या व नव्या अशा दोन्ही यंत्रांवर आला. नवे घेणारा म्हणतो, 'जुन्यामुळे आमचा खेळ मागे खेचला गेला'. जुनेवाला म्हणतो, 'आम्हांला का वगळता?' दोघांचेही म्हणणे खरे.

आपल्या मराठी मुलखाला हा पेच नवा नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुका होता. पुढे बोलके यंत्र आले आणि १९३२ साली 'प्रभात'ने तीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून पुन्हा सांगितली. कथा सर्वांना पाठ होती. पण आता हरिश्चंद्र बोलला पाहिजे, तारामती गायली पाहिजे, अशी अपेक्षा होती. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी ती पुरी केली. उलट, त्याच 'प्रभात'ने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी जर्मनीत प्रक्रिया करून घेतली, तेव्हा रंग मनाजोगे उतरले नाहीत. नवे तंत्र हाताशी आले म्हणजे कृती साधलीच, असे नव्हे.

खेळांतही असा दाखला आहे. 'झेल्डा' मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' २०१७ साली निन्टेन्डोच्या स्विच या नव्या यंत्राबरोबरच बाजारात आला. त्याचा पुढचा भाग सहा वर्षांनी, २०२३ साली आला, तो त्याच यंत्रावर! बराचसा मुलूखही ओळखीचाच. पण या वेळी हाती लागतील त्या फळ्या-चाके जोडून खेळाडूने स्वतःच गाड्या, होड्या बनवायच्या होत्या. तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. नवे काय होते? यंत्र नव्हे; कल्पना!

आणि लांब कशाला जा? आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीने 'राजी' हा खेळ केला आणि २०२० साली तो प्रथम स्विचवरच प्रसिद्ध झाला. पळवून नेलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा. तिचे काही प्रसंग त्यांनी छायाबाहुल्यांच्या धाटणीने रंगवले. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दिवा, पडदा आणि सावली एवढ्यावर केवढे रामायण उभे राहते, हे सांगायला नको.

घरी आल्यावर चिरंजीवांपुढे कागद ठेवला. म्हटले, "दुसऱ्या भागाकडून तुला काय काय हवे, ते लिही." त्याने दहा गोष्टी लिहिल्या. अर्धवट राहिलेली कथा पुरी व्हावी, खलनायक असा का झाला ते कळावे, जुने गाव पुन्हा दिसावे, मित्राबरोबर खेळता यावे... मग दोघांनी मिळून खुणा केल्या. नव्या यंत्रावाचून अडेल, अशा गोष्टी निघाल्या तीन! मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "पण त्या तीनही हव्यातच." खोटे कशाला सांगू, मला त्याचे उत्तर आवडले.

शेवटी तह झाला. दुसरा भाग प्रत्यक्ष येऊ द्यावा, चार लोकांनी खेळून बरावाईट सांगू द्यावा. तोवर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकावी, आणि त्यात त्याच्या वाढदिवसाच्या पैशांचाही वाटा असावा.

तेरखेड्यात आमच्या नात्यातले एक वृद्ध काका दारूकाम करीत. गिऱ्हाईक दर साली मोठा आवाज मागे. लहानपणी मीही मागितला, तेव्हा ते म्हणाले होते, "आवाज वाढवायला दारू लागती, लेकरा, मज्जा मातर वातीत असती."

वात पेटल्यापासून बार उडेपर्यंतचे ते चार क्षण! आमच्या घरी सध्या तीच वात जळते आहे. कागद कपाटावर चिकटवला आहे, आणि परवा पाहिले, तर त्यात अकरावी अपेक्षा वाढली होती : 'बाबांनाही खेळता आला पाहिजे.'

यासाठी मात्र कोणते यंत्र लागेल, ते मला ठाऊक नाही!