हानी कोणाची मोजावी? आयोवातील एका कौंटीतील साथकालीन शेतकी साहाय्य

संकटकाळी सरकार शेतकऱ्यास साहाय्य देते, असे आपण सहज म्हणतो. परंतु 'शेतकरी' कोण आणि 'हानी' कोणती, याचा निर्णय वाटपाच्या नियमांतच आधी झालेला असतो. २०२० साली कोविडच्या साथीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जे वाटप झाले, ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यासाठी आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील सू कौंटीचे उदाहरण घेऊ. येथील लोकवस्ती सुमारे ३६ हजार. डुकरे मात्र दहा लाखांहून अधिक, आणि पोसलेल्या गुरांचा व्यापारही मोठा.

एप्रिल २०२० मध्ये कामगारांत साथ पसरल्याने सीमेपलीकडील सू फॉल्स व वर्दिंग्टन येथील मोठे मांसकारखाने बंद पडले. दुकानांत मांसाचे भाव चढत असता गोठ्यातील जनावरास गिऱ्हाईक नाही, अशी विपरीत स्थिती उद्भवली.

१७ एप्रिल रोजी केंद्रीय कृषिखात्याने साहाय्ययोजना जाहीर केली. शेतकऱ्यांस थेट द्यावयाच्या १६ अब्ज डॉलरांपैकी ९.५ अब्ज मार्चमध्ये संमत झालेल्या साथ-साहाय्याच्या कायद्यातून, तर ६.५ अब्ज १९३३ साली स्थापन झालेल्या कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनकडून यावयाचे होते. द्रव्याचे उगम दोन, म्हणून दरही दोन. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या मुदतीत विकलेल्या जनावरांस पहिल्या निधीतून, आणि १६ एप्रिल ते १४ मे या काळात गोठ्यात असलेल्यांस दुसऱ्यातून रक्कम मिळे. परिणाम असा की, कत्तलीयोग्य पोसलेला बैल १५ एप्रिलपर्यंत विकला गेला असल्यास २१४ डॉलर. तोच दुसऱ्या दिवशी गोठ्यात उरला तर अवघे ३३. वस्तुतः कारखानाबंदीचा खरा तडाखा त्या तारखेनंतरच बसला. डुकरांच्या बाबतीत ही दरी नव्हती (मोठ्या जनावरास १८ व १७ डॉलर). परंतु तेथे निराळाच प्रश्न होता.

या भागातील अनेक वराहपालक डुकरांचे मालक नसतात. शेड त्यांची, शेडवरील कर्ज त्यांचे, श्रम त्यांचे. पिले व खाद्य मात्र कंपनीचे. आपल्याकडील कोंबडीपालनातील करारपद्धती ज्यांस परिचित आहे, त्यांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. अशा करारबद्ध पालकांस योजनेतून वगळण्यात आले. खात्याचा युक्तिवाद असा की, भाव पडल्याची झळ मालकास लागते, पालकास नव्हे. तर्क म्हणून यात खोट काढता येणार नाही. तथापि भावाची हानी आणि कामाची हानी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यात विसरले गेले. कंपनीने पिले पाठविणे लांबविले वा त्यांची संख्या घटविली, तर शेड रिकामी राहते आणि बँकेचा हप्ता चालूच राहतो. सप्टेंबरमध्ये १४ अब्जांची दुसरी योजना आली. तिनेही हे वर्गीकरण तसेच ठेवले. दर व्यक्तीस अडीच लाख डॉलरांची मर्यादा होती खरी, परंतु जो रांगेतच उभा नाही त्याला मर्यादेचा काय उपयोग?

अर्ज कौंटीच्या शेतकी कचेरीकडे करावयाचे असत. साथीमुळे कचेरीची दारे बंद; कामकाज टेलिफोन, टपाल व ईमेलवर. जनावरांची संख्या अर्जदाराने स्वतःच प्रमाणित करावयाची आणि पुरावा मागितल्यासच दाखवावयाचा. घाईच्या काळात हे अपरिहार्य होते; मात्र ज्यास आपल्या नोंदी व्यवस्थित ठेवण्याची सवय व साधने आहेत, त्यास ही पद्धती अधिक मानवते, असे मला वाटते.

पुढे चुकीची दुरुस्ती झाली, पण सावकाश. २७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने करारबद्ध पालकांस साहाय्य देण्याची मुभा दिली. उत्पन्नातील घटीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देणाऱ्या या तरतुदीखाली अर्ज करण्याची अखेरची तारीख १२ ऑक्टोबर २०२१ ही होती. म्हणजे कारखाने बंद पडून दीड वर्ष लोटले होते. १६ एप्रिल ते १ सप्टेंबर २०२० या काळात ज्यांनी खुल्या बाजारात वाटेल त्या भावाने डुकरे विकली, त्यांची दखल तर त्याहून उशिरा, डिसेंबर २०२१ मध्ये घेतली गेली. त्यांच्यासाठी ठरलेला दर होता डुकरामागे ५४ डॉलर, म्हणजे १५ एप्रिलपूर्वी विकलेल्या मोठ्या डुकरास मिळालेल्या रकमेच्या तिप्पट.