दूरलक्ष्य नेमबाजीसाठी दुर्बिणीची निवड : विशालन, प्रकाश आणि खर्च यांचा मेळ
(मावळ-लोणावळा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

५० मीटर रायफल प्रकारातील लक्ष्यफलकावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी याच अंतरावरील थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात सुवर्णपदक पटकाविले होते. अशा यशामुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत या खेळाविषयी कुतूहल निर्माण होणे स्वाभाविक आहे. मावळातील विद्यार्थ्यांना पुण्याच्या पश्चिमेकडील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल तुलनेने जवळचे आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारले गेले व २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही तेथे झाल्या.

कुतूहलापाठोपाठ साधनखरेदीचा प्रश्न येतो. तो क्रीडा संचालक, एनसीसी अधिकारी आणि पुष्कळदा भौतिकशास्त्राचे प्राध्यापक यांच्यासमोर सल्ल्यासाठी मांडला जातो. जाहिरातींत दुर्बिणीच्या विशालनाचा आकडा सर्वांत ठळक छापलेला असल्याने ‘आकडा मोठा तितकी दुर्बीण चांगली’ असा समज दृढ होतो. मर्यादित अंदाजपत्रकात हा समज महागात पडतो. विशालन फुकट मिळत नाही. प्रकाश, दृश्यक्षेत्र आणि स्थैर्य यांच्या मोबदल्यात ते विकत घ्यावे लागते. हा व्यवहार कोठपर्यंत लाभदायक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. प्रथम गरज कोणती?

दुर्बिणीचे दोन प्रकार येथे वेगळे करणे आवश्यक आहे. पहिली रायफलवर बसविली जाते. नेमबाज तिला स्कोप म्हणतात. दुसरी तिकाटण्यावर शेजारी उभी करून लक्ष्यफलकावरील छिद्रे व हवेची हालचाल पाहण्यासाठी वापरतात. ती स्पॉटिंग स्कोप या नावाने ओळखली जाते.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १०, ५० व ३०० मीटर रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण बसविण्यास मुभा नाही. तेथे बारीक छिद्रातून पाहण्याची, भिंगविरहित साइट वापरतात. मात्र ५० आणि ३०० मीटर प्रकारांत रायफलला न जोडलेली दुर्बीण बाळगता येते. म्हणजे या नियमांवर आधारलेल्या स्पर्धांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला रायफलवरील स्कोप घेऊन देणे हा निरुपयोगी खर्च ठरतो. त्याच्या गटाला हवी असते ती तिकाटण्यावरील एक चांगली दुर्बीण, आणि ती सर्वांना मिळून पुरते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यफलक असलेल्या रेंजवर छिद्रे शोधण्याचे काम मॉनिटर करतो. तेथे दुर्बिणीचा उपयोग मुख्यतः वाऱ्याच्या वाचनापुरता उरतो.

रायफलवरील स्कोपचे खरे क्षेत्र निराळे आहे. कॅनडातील जॉर्ज फार्कहरसन यांच्या नावावरून रूढ झालेल्या ‘एफ-क्लास’ प्रकारात ३०० ते १००० यार्डांवरील लक्ष्यासाठी स्कोप वापरला जातो. आपल्याकडे अशा सरावाचा विचार शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत, परवानाधारकांनी अधिकृत रेंजवरच करावयाचा आहे. म्हणून खरेदीपूर्वी स्पर्धेचा प्रकार निश्चित करणे ही पहिली पायरी होय.

२. विशालन किती पुरेसे आहे?

सामान्य निरोगी डोळ्याला सुमारे १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातील तपशील ओळखता येतो. ५.६ मिलिमीटर व्यासाचे छिद्र ५० मीटरवर सुमारे ०.३९ कला इतका कोन व्यापते. म्हणून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १० पट विशालनाने तो कोन सुमारे ४ कला होतो आणि छिद्र सहज दिसू लागते. ३०० मीटरवर ८ मिलिमीटरचे छिद्र जेमतेम ०.०९ कला व्यापते. ते ३ कला एवढे दिसण्यासाठी सुमारे ३३ पट विशालन लागते. या साध्या आकडेमोडीवरून ५० मीटरसाठी १५ ते २० पट आणि ३०० मीटरसाठी २५ ते ३५ पट ही व्यवहार्य मर्यादा ठरते.

विशालन याहून वाढविल्यास नवा तपशील मिळेलच असे नाही. वस्तुभिंगाच्या व्यासानुसार विभेदनक्षमतेची मर्यादा ठरते. ६० मिलिमीटर व्यासाच्या निर्दोष भिंगासाठी ती सुमारे २ विकला आहे. ३० पट विशालनाने या २ विकलांच्या ६० विकला, म्हणजे १ कला होते. डोळ्याची क्षमताही तेवढीच. त्यापुढे प्रतिमा थोडी आरामात पाहता येते, परंतु तिच्यात नवीन माहिती येत नाही. छायाचित्र मोठ्या कागदावर छापल्याने त्यात न टिपलेला चेहरा उमटत नाही, तसेच हे आहे.

३. प्रकाशाचा हिशेब

दुर्बिणीवर ‘२०-६० × ६०’ असे लिहिलेले असते. पहिले आकडे विशालनाची व्याप्ती आणि शेवटचा आकडा वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास सांगतो. व्यासाला विशालनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. वरील दुर्बिणीत तो २० पटीवर ३ मिलिमीटर व ६० पटीवर केवळ १ मिलिमीटर असतो. ढगाळ दिवशी डोळ्याची बाहुली ३ मिलिमीटर वा अधिक उघडलेली असेल, तर ६० पटीवर प्रतिमेची तेजस्विता २० पटीच्या तुलनेत नवव्या हिश्शावर येते. दृश्यक्षेत्र आक्रसते, आणि डोळा किंचित हलला तरी प्रतिमा नाहीशी होते.

रायफलवरील स्कोपच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. हाताचा कंप, श्वास व नाडीचा ठोका यांमुळे होणारी हालचालही तितक्याच पटीने मोठी दिसते. नवशिक्या नेमबाज ती थांबविण्याच्या प्रयत्नात घाईने चाप ओढतो. त्यामुळे ‘४-१६ × ५०’ सारख्या मध्यम व्याप्तीच्या स्कोपवर १० ते १२ पटीने केलेला सराव २४ पटीच्या सरावापेक्षा अधिक शिकवून जातो.

४. पराशय आणि समायोजन : न दिसणारे गुण

प्रयोगशाळेत क्रॉसवायर आणि प्रतिमा यांच्यातील पराशय काढून टाकण्यास आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. स्कोपमध्येही तेच तत्त्व लागू होते. स्वस्त स्कोपचा पराशय कारखान्यातच एका ठराविक अंतरासाठी, बहुधा १०० यार्ड वा मीटरसाठी, काढलेला असतो. लक्ष्य अन्य अंतरावर असेल आणि डोळा अक्षापासून सरकला, तर क्रॉसवायर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. ४० मिलिमीटर वस्तुभिंगाच्या व १०० मीटरसाठी स्थिर केलेल्या स्कोपमध्ये ही चूक ५० मीटरवर जास्तीत जास्त १० मिलिमीटर, तर ३०० मीटरवर ४० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. पहिला आकडा दहाच्या संपूर्ण वर्तुळाएवढा आहे. विशालन वाढवून ही चूक कमी होत नाही. म्हणून एकाहून अधिक अंतरांवर सराव करावयाचा असल्यास पराशय-समायोजनाची सोय हा विशालनापेक्षा वरचा निकष मानावा.

दुसरा निकष समायोजनाच्या चाकीचा. तिची प्रत्येक ‘क्लिक’ बहुधा पाव कला किंवा ०.१ मिल एवढी असते. १०० मीटरवर १ कला म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर आणि ०.१ मिल म्हणजे १ सेंटिमीटर. चाकी पुढे फिरवून पुन्हा मागे आणल्यावर क्रॉसवायर मूळ जागी परतली नाही, तर उत्तम भिंगेही व्यर्थ ठरतात. शिवाय स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल पुढे आणि मागे असे दोन्ही दिशांना धक्के देते. त्या धक्क्यांसाठी न बनविलेल्या स्कोपची अंतर्गत रचना ढिली होते. ‘एअर रायफल म्हणजे हलके हत्यार, तिला कोणताही स्कोप चालेल’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

५. मावळचे हवामान

समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवरील लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या पर्जन्यमानाचा दुर्बिणीच्या निवडीशी थेट संबंध आहे.

पहिला परिणाम दृश्यमानतेवर होतो. कार्ल्याच्या डोंगरावरून इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे भाजे लेण्यांच्या माथ्यावरील विसापूरची तटबंदी पाहिली, तर पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमधील स्वच्छ सकाळी ती रेखीव दिसते. धुक्यात किंवा उन्हाळ्याच्या धुरकट हवेत तीच तटबंदी राखाडी पट्ट्यासारखी भासते. अशा वेळी विशालन वाढविले तर राखाडी पट्टा मोठा होतो, तट स्पष्ट होत नाही. कारण उणीव आकाराची नसून छायाभेदाची असते. येथे भिंगांवरील परावर्तनरोधक लेप आणि वस्तुभिंगाचा व्यास उपयोगी पडतात.

दुसरा परिणाम तापलेल्या जमिनीचा. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढले की जमिनीलगतच्या हवेचे थर हलू लागतात आणि लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखे लहरते. नेमबाज याला मिराज म्हणतात. लक्ष्याच्या किंचित अलीकडे फोकस करून या लहरी कोणत्या दिशेने वाहतात ते पाहिल्यास वाऱ्याचा अंदाज घेता येतो. या वाचनासाठी २० ते २५ पट विशालन सोयीचे पडते. ५०-६० पटीवर लहरी इतक्या फोफावतात की फलकच ओळखू येत नाही.

तिसरा परिणाम सर्वांत खर्चिक आहे, तो म्हणजे बुरशी. आपल्या प्रयोगशाळांतील सूक्ष्मदर्शकांना तिचा उपद्रव परिचित आहे. दमट हवेत बंद पेटीत ठेवलेल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि लेप कायमचा खराब करतात. म्हणून मावळात वापरावयाची दुर्बीण नायट्रोजन भरून हवाबंद केलेली असावी. वापरानंतर ती पुसून, कोरडी करून, सिलिका जेलसह ठेवावी आणि जेल वेळोवेळी तापवून पुन्हा कोरडे करावे. कापडी वा चामडी पिशवीत पावसाळाभर ठेवलेली महाग दुर्बीण जूनमधील स्वस्त दुर्बिणीपेक्षा ऑक्टोबरमध्ये वाईट निघू शकते.

६. खरेदीपूर्व चाचणी

पुढील चाचण्यांसाठी रायफलची गरज नाही. स्कोपची तपासणी तो रायफलवर न बसविताच करावी.

(अ) पांढऱ्या कागदावर १ मिलिमीटर रुंदीचे काळे पट्टे तितक्याच अंतराने छापून कागद ५० मीटरवर लावावा. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून २० पटीवर ते सुटे दिसले पाहिजेत. दृश्याच्या कडेला ते किती पुसट होतात व त्यांना रंगीत किनार येते का, हे पाहावे.

(आ) व्याप्ती बदलणारी दुर्बीण सर्वाधिक विशालनावर नेऊन तोच कागद पाहावा. तपशील न वाढता प्रतिमा केवळ काळवंडत असेल, तर वरचे आकडे जाहिरातीपुरते आहेत असे समजावे.

(इ) स्कोप पकडीत घट्ट बसवून महाविद्यालयाच्या मैदानावरील १०० मीटर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला मोजपट्टी उभी करावी. पाव कलेच्या ४० क्लिक दिल्यावर क्रॉसवायर सुमारे २९ सेंटिमीटर सरकली पाहिजे आणि उलट ४० क्लिकनंतर मूळ खुणेवर परतली पाहिजे.

(ई) स्कोप स्थिर ठेवून डोळा डावी-उजवीकडे हलवावा. क्रॉसवायर लक्ष्यावरून सरकत असेल तर त्या अंतरासाठी पराशय शिल्लक आहे.

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. तसेच लोणावळा परिसरात आयएनएस शिवाजीसारख्या संरक्षण आस्थापना असल्याने त्या दिशेने निरीक्षण करणे टाळावे.

निष्कर्ष :

मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयाने प्रथम २० पटीच्या आसपास स्थिर विशालनाची, ६० मिलिमीटर वस्तुभिंगाची, हवाबंद दुर्बीण व तिच्यासाठी मजबूत तिकाटणे घ्यावे. डळमळीत तिकाटण्यावर कोणतीही दुर्बीण निष्प्रभ होते. विशालन बदलण्याच्या यंत्रणेवर होणारा खर्च स्थिर विशालनाच्या दुर्बिणीत वाचतो आणि तेवढ्याच किमतीत चांगली भिंगे मिळतात. परवानाधारक दूरलक्ष्य नेमबाजाने स्कोप घेताना अचूक समायोजन, पराशय काढण्याची सोय, भिंगांची स्पष्टता आणि शेवटी विशालन हा क्रम ठेवावा.

ज्या खेळात पदकविजेते रायफलवर एकही भिंग न लावता १०.४ मिलिमीटरचे वर्तुळ भेदतात, त्या खेळात उपकरणाचे स्थान साहाय्यकाचे आहे. वाचलेला पैसा विद्यार्थ्याच्या रेंजवरील तासांवर आणि मार्गदर्शनावर खर्च झाला, तर त्याचा परिणाम लक्ष्यफलकावर अधिक स्पष्ट दिसेल.