ध्रुवपद कोणी धरावयाचे?

कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या पाठीशी आगाशिवाचा डोंगर उभा आहे. त्याच्या अंगावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची साठएक बौद्ध लेणी आहेत. छिन्नी चालविणारा पाथरवट, खर्च उचलणारा दाता आणि चैत्यापुढे बसणारा भिक्षू यांच्यापैकी कला कोणाची आणि उपासना कोणाची, अशी वाटणी तेथे करता येत नाही. या डोंगराच्या छायेत ख्रिस्ती प्रार्थनेचा विषय काढणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु येथून उत्तरेस पन्नासएक किलोमीटरवर सातारा आहे, आणि त्या साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ भरविला. बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही त्या दरबारात जागा होती.

टिळकांची ओळख शाळेतल्या पाठ्यपुस्तकांनी ‘फुलांमुलांचे कवी’ एवढीच करून दिली. वास्तविक त्यांचे मोठे काम निराळे होते. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा मराठी मंडळ्यांत प्रामुख्याने भाषांतरित गीते गायिली जात. चाल विलायती, शब्द मराठी. त्या चालींत स्वर मोजून बांधलेले असतात. मराठी शब्दाचे ऱ्हस्वदीर्घ त्यांत कोंबले की शब्दाचा पाय मुरगळतो. गाणाऱ्याने मग करावयाचे काय? पुस्तक हाती धरून ओळी म्हणावयाच्या आणि खाली बसावयाचे. ज्याला वाचता येत नाही, त्याने तेवढेही करावयाचे नाही. खेड्यांतून ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य लोक समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्या जातींतले होते. ढोलकी, तुणतुणे, डफ यांवर त्यांच्यांतील अनेकांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला; पण देवळाच्या दाराशी येताच तो हात रिकामा झाला.

अपवाद नव्हते असे नाही. अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली. त्याही आधी, गोव्यात, इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. जुनी पुराणे सुटली, त्यांच्या जागी काही द्या, ही नवख्रिस्ती लोकांची मागणी त्या ग्रंथात नोंदलेली आहे. मागणी लोकांची, ओवी लोकांची. आणि गोव्याच्या देवळांतून ते पुराण लोकांनीच म्हटले. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला, यावरून सत्तेला समूहाच्या स्वरात काय दिसत असावे ते ताडता येते.

टिळकांनी अभंग घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत, आणि ते केवळ भावनेचे बोलणे नव्हते. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे येतात. अक्षर लांबविता येते, आखडता येते. एकाने चरण म्हणावा, बाकीच्यांनी ध्रुवपद धरावे, टाळ-मृदंगाने लय सांभाळावी. येथे श्रोता असा कोणी उरतच नाही. गळा बेसूर असलेल्यालाही टाळ असतो. भजनाची चाल त्या रात्री, त्या मंडळीत, पुन्हा घडत असते. आणि तिचे घडणे हीच प्रार्थना असते. प्रार्थनेसाठी आधी कला करावी आणि मग ती देवापुढे ठेवावी, असा दोन टप्प्यांचा व्यवहार येथे नाही.

कॅथलिक पंथाने १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उपासनेत सर्व भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला आणि देशभाषांना वाट मोकळी केली. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अँजेलो द फोन्सेका यांनी त्याआधीच साडीतली मारिया रंगविली होती. तिच्यावर गोव्यात टीका झाली, हेही सांगितले पाहिजे. ‘देवळासारखे’ म्हणजे ‘युरोपासारखे’ हा समज इतका खोल रुजलेला होता.

आज भांडण विलायती आणि देशी यांचे राहिलेले नाही. आता अनेक उपासनांत ध्वनिक्षेपक, कळफलकाचे वाद्य आणि चार तयार गायक असतात. सूर शुद्ध असतात, शब्द पडद्यावर दिसतात, आणि मंडळी ऐकते. तरुणांना हे आवडते, त्यांत त्यांचा दोष नाही. हीच तक्रार हरिनाम सप्ताहांबद्दलही करता येईल, एवढे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. पण ध्रुवपद धरणारा माणूस एकदा प्रेक्षक झाला, की त्याच्या वाट्याला प्रार्थनेतले काय उरते, हा प्रश्न पाळकांनी आणि मंडळीच्या पंचांनी टाळू नये. एखाद्या रविवारी ध्वनिक्षेपक बंद ठेवून टाळांची जोडी वाटून पाहण्यास खर्च येत नाही.

‘देवाचा दरबार’ टिळकांच्या मागे टिकला नाही; १९१९ साली ते गेले. ‘ख्रिस्तायन’चे त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले होते. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली होती, तिने नवऱ्याने धरलेली ओवी सोडली नाही.