ऐहिकीकरण आणि श्रद्धा : सातारा-सांगलीच्या संदर्भात काही गैरसमज

आजारपण, विवाह, शिक्षण आणि न्यायनिवाडा यांवर एके काळी धर्मसत्तेची देखरेख असे. हे व्यवहार क्रमाक्रमाने विज्ञान, कायदा, शासन आणि नागरिकांच्या संस्था यांच्याकडे जाण्याच्या प्रक्रियेला समाजशास्त्रात ऐहिकीकरण म्हणतात. ऐहिकीकरण म्हणजे नास्तिकता, हा त्याविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज होय, आणि सातारा-सांगलीचा इतिहास पाहता तो टिकत नाही. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, तर सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातील नायगाव. जोतीरावांनी १८७३ साली पुण्यात स्थापलेल्या सत्यशोधक समाजाला पुढे सातारा जिल्ह्यात खेडोपाडी अनुयायी मिळाले. त्यांनी देव नाकारला नाही. विश्वाचा निर्माता, ज्याला फुले ‘निर्मीक’ म्हणत, एकच आहे आणि त्याच्या भक्तीसाठी पुरोहिताच्या मध्यस्थीची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती.

विवाहविधीत हा बदल स्पष्ट दिसतो. फुले यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते, वर ते देण्याची ग्वाही देतो आणि जमलेली मंडळी साक्षीला असतात. विवाहाचे पावित्र्य कायम राहते, परंतु ते न कळणाऱ्या मंत्रांतून नव्हे, तर दोघांनी समजून-उमजून दिलेल्या वचनातून येते. धर्मविधी बाजूला सारले की जीवन अर्थशून्य होते, असे मानणाऱ्यांना याहून नेमके उत्तर क्वचितच मिळेल. १९४० च्या दशकात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने याच भागात थोडक्या खर्चाचे, मानपानाला फाटा देणारे ‘गांधी विवाह’ लावले, तेव्हाही लग्नाला नवा अर्थ लाभला होता आणि तो स्वातंत्र्याच्या ध्येयातून आला होता.

जादूटोणाविरोधी कायद्याभोवतीचा गैरसमज अधिक हानिकारक ठरला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. हा कायदा श्रद्धेवर घाला घालतो, असा प्रचार मात्र दीर्घकाळ चालू राहिला. प्रत्यक्षात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या या कायद्यात देव मानावा की मानू नये याविषयी काहीही म्हटलेले नाही. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे अशी कृत्ये आहेत, आणि यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, हे स्वतंत्र कलमाने नमूद केले आहे. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येणारी माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण असे मुक्काम करीत आजही पुढे जाते आणि चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण रंगते. सर्पदंश झालेल्या सोबत्याला दवाखान्यात नेणारा वारकरी कमी श्रद्धाळू ठरत नाही. उपचार हा आता धर्माचा प्रांत राहिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कर्मकांड सैल झाले की धार्मिक अस्मिताही आपोआप विरते, या समजुतीने तर अभ्यासकांनाही चकवले. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्जर यांनी १९६० च्या दशकात धर्माच्या ओहोटीचे भाकीत केले आणि १९९९ पर्यंत ते स्वतःच मागे घेतले. श्रद्धा आचरणात असते, तर अस्मिता आपण कोणत्या गटाचे आहोत या जाणिवेत असते, आणि या दोहोंची वाढ-घट एकाच दिशेने होईलच असे नाही. कडेगावात मोहरमच्या उंच ताबुतांसाठी हिंदू-मुस्लिम एकत्र राबतात, मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते; तेथे आचरणच सामायिक आहे. त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात दंगल उसळली, तिचे निमित्त अफझलखानाच्या वधाचे चित्र असलेली स्वागत कमान हे होते. गणपतीची पूजा कशी व्हावी, यावर तेथे कोणाचाही वाद नव्हता.